फादर स्टीफन्स यांचे सहाशे खिळे

मराठीचा अभिमान सांगण्याची वेळ आली की आमच्या सभांतून दोन ओव्या हटकून कानी पडतात. एक ज्ञानेश्वरांची, दुसरी फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यांची. ओवी म्हणून होते, टाळ्या पडतात, आणि पाद्रीबुवा पुढल्या सभेपर्यंत पुन्हा कपाटात जातात. आज आम्ही ती ओवी म्हणणार नाही. ती लिहिणारा माणूस कोणत्या पेचात उभा होता, तेवढेच आपण पाहू.

टॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, बुशटन गावी झाला. पंथाने ते कॅथलिक. एलिझाबेथ राणीच्या राज्यात उघडपणे कॅथलिक राहणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. त्यांचे स्नेही टॉमस पाउंड यांची पंथापायी कित्येक वर्षे कोठडीत गेली. स्टीफन्स मात्र रोमला निसटले, १५७५ साली जेझुइट संघात शिरले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी लिस्बनच्या गलबतातून गोव्याच्या बंदरी उतरले. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली देह ठेवीपर्यंत, त्यांचे आयुष्य याच भूमीत गेले, आणि त्यांतील बहुतेक साष्टी महालात.

आता पेच पाहा. ज्याच्या मायदेशी त्याच्या धर्माला बंदी, तो अशा मुलखात आला की जेथे त्याच्याच धर्माच्या सत्तेने दुसऱ्यांच्या धर्माला बंदी घातलेली! गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली बसले. १५६७ साली साष्टीतील देवळे जमीनदोस्त झाली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांच्या खांद्यावरून जुवारीपार अंत्रुज महालात गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांची प्रेते परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. त्याचा सूड पुढे पोर्तुगीजांनी घेतला. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी म्हणून बोलावले आणि तेथेच कापून काढले. स्टीफन्स यांचे मराठीप्रेम सांगताना हे गाळणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ते त्या सत्तेच्या छायेतच वावरत होते. पण त्याच वर्षी आपल्या भावाला धाडलेल्या पत्रात ते लिहितात की या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे. ज्या वर्षी सहकाऱ्यांची प्रेते उचलली, त्याच वर्षी माणूस भाषेचे सांधे न्याहाळतो आहे!

क्रिस्तपुराणाचा उगमही या बंदीतच आहे. ग्रंथाच्या आरंभीच प्रसंग येतो. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? प्रश्न साधा आहे, पण त्यात एका समाजाची भूक आहे. रामायण-महाभारताच्या कथा ज्यांना वर्ज्य ठरविल्या, त्यांच्याच पोथ्या जेझुइटांनी भाषाभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात त्या आहेत. या सगळ्यातून सुमारे ११,००० ओव्यांचे पुराण उभे राहिले. पैले पुराण, दुसरे पुराण, आरंभी नमन, स्वर्गाला वैकुंठ. कथा बायबलाची, चाल मात्र आमच्या पोथीची.

आणि येथे खिळ्यांचा प्रश्न आला. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. तमिळ लिपीचे खिळे पाडून १५७८ साली कोल्लम येथे पुस्तकही निघाले होते. मग आमची लिपी का नको? ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्स यांनी रोमला संघाच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र घातले: या देशच्या भाषेत, या देशच्या अक्षरांत पुस्तके छापावीत अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे. अडचण अशी की युरोपात चोवीस खिळ्यांवर भागते, येथे सहाशे लागतात.

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे, त्यांना या आकड्याचे नवल वाटणार नाही. चौतीस व्यंजनांची नुसती बाराखडी मांडली तरी चारशेवर रूपे होतात. त्यावर जोडाक्षरांचा संसार वेगळा. पण स्टीफन्स नुसती तक्रार करून थांबले नाहीत. साच्यांची संख्या दोनशेवर आणता येते, आता तुमचा एक शब्द हवा, असेही त्यांनी कळविले. ज्याने अक्षरांची मोडतोड करून हिशेब मांडला असेल, त्यालाच हे लिहिता येते.

तो शब्द काही कामी आला नाही. १६१६ साली पुराण रायतूरला छापले गेले, पण रोमन अक्षरांत. 'ळ' दाखवायचा तर 'ल'चे रोमन अक्षर दोनदा जोडायचे, अशी ती कसरत. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्यांनी रचलेले कोंकणी भाषेचे व्याकरणही त्यांच्या पश्चात १६४० साली रायतूरलाच छापले. मग १६८४ साली व्हाइसरॉयचे फर्मान सुटले: तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेची आपल्या पाद्र्याने एवढी आराधना केली, तिच्याच मुळावर त्याच्या राज्यकर्त्यांनी घाव घातला.

पुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. वाचले ते हाताने उतरलेले. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांत पोथी लिहिली जात होती, गायिली जात होती. अशा प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ती छापविली, तीही रोमनमध्येच. पुढे १९२० नंतरच्या दशकात लंडनला, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात, या पुराणाची देवनागरीत लिहिलेली पोथी जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांना आढळली. खिळे मिळाले नाहीत, पण कोणा लेखकाने बोरूने ते काम करून ठेवले होते.

देवनागरी खिळ्यांचा हिशेब रोमला गेला त्याला ३४८ वर्षे झाल्यावर, १९५६ साली, शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले क्रिस्तपुराण पुण्यात देवनागरीत छापून निघाले.