बहुवारिक : एका नोंदीचा इतिहास

आपल्या मालिकेच्या आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहसुद्धा नाहीत. आज मी एका शब्दाचा आणि विश्वकोशातल्या एका नोंदीचा इतिहास सांगणार आहे. शब्द आहे 'बहुवारिक', म्हणजे पॉलिमर. ज्यांनी मराठी माध्यमातून दहावीचं विज्ञान केलं, त्यांना तो आठवत असेल. बाकीच्यांनी घाबरू नये, गोष्ट सोपी आहे.

मी राहतो बंगळूरच्या बसवनगुडीत. इथे दरवर्षी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी 'कडलेकाई परिषे' भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. शेंगा म्हटल्या की मराठी माणसाला टिळक आणि टरफलं आठवणारच. पण आज त्या टरफलाकडे रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने बघू. टरफलातलं सेल्युलोज बहुवारिक. जत्रेत हिंडणाऱ्या बाईच्या अंगावरची रेशमी साडीही बहुवारिक. आणि कोणी प्लास्टिकच्या पिशवीतून शेंगा नेत असेल, तर ती पिशवीसुद्धा बहुवारिकच. एकाच प्रकारचे छोटे रेणू, ज्यांना आपण 'एकवारिक' म्हणतो, शेकड्यांनी-हजारांनी एकमेकांना जोडले गेले की लांबच लांब महारेणू होतो. अशा महारेणूंचा बनलेला पदार्थ म्हणजे बहुवारिक.

वस्तू अशा रोजच्या वापरातल्या, पण त्यांच्यामागची कल्पना फार जुनी नाही. 'पॉलिमर' या शब्दाचं मूळ स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्याकडे, १८३३च्या सुमाराला सापडतं. मात्र त्यांच्या मनातला अर्थ आजचा नव्हता. आजचा अर्थ दिला जर्मनीच्या हेरमान श्टाउडिंगर यांनी. १९२० साली त्यांनी मांडलं की रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे खऱ्याखुऱ्या लांबलचक रेणूंचे समूह आहेत. त्या काळातल्या बड्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, रेणू छोटेच आहेत, ते नुसते एकमेकांजवळ गोळा झालेत. हा वाद पुढची दहा-बारा वर्षं चालला. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं ते १९५३ साली.

गंमत बघा. लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट १९०७मध्ये तयार केलं होतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली नायट्रोसेल्युलोजच्या फितीवर, म्हणजे बहुवारिकावरच, पडद्यावर आला होता. वस्तू बाजारात होत्या, त्यांच्यावर धंदे उभे होते. पण त्या आतून कशा आहेत, यावर तज्ज्ञांचं एकमत व्हायचं होतं.

नेमक्या याच १९२०च्या दशकात पुण्यात श्रीधर व्यंकटेश केतकर 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे खंड काढत होते. एकूण २३ खंड. आता विचार करा, त्या वेळी कोणी त्यांच्याकडे बहुवारिकांवर नोंद मागितली असती, तर काय छापलं असतं? श्टाउडिंगर यांचं मत, की त्यांच्या विरोधकांचं? आणि जे छापलं असतं, ते पुढच्या दहा वर्षांत शिळं झालं असतं. छापील कोशाची ही अडचण कोणाच्या हुशारीने सुटत नाही. खंड एकदा बांधून झाला की झाला.

आता वाईला जाऊ. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचं काम त्यांच्या नेतृत्वाखाली वाईत सुरू झालं. तर्कतीर्थ मूळचे संस्कृत पंडित. त्यांच्या कोशात रसायन, भौतिकी, अभियांत्रिकी हे सगळं मराठीत यायचं होतं. मग पहिला प्रश्न आला शब्दांचा. दहा लेखकांनी एकाच वस्तूला दहा नावं दिली, तर वाचकाने काय करायचं? म्हणून आधी परिभाषा ठरवावी लागली. परिभाषासंग्रह १९७३ साली निघाला आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली. आधी शब्द, मग मजकूर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

हिंदीने पॉलिमरला 'बहुलक' म्हटलं. मराठीत 'बहुवारिक' रूढ झालं आणि ते पाठ्यपुस्तकांत टिकलं. शब्द जड आहे, कबूल. पण 'एकवारिक', 'बहुवारिक', 'बहुवारिकीकरण' अशी सगळी मालिका त्यातून सरळ तयार होते. असा शब्द एकट्याचं काम नसतो. विषय जाणणारा लागतो, भाषा जाणणारा लागतो, आणि वाचकाच्या बाजूने 'हे समजत नाही' म्हणणारा संपादकही लागतो.

विश्वकोशाचं हे काम कागदावर झालं. पुढचा टप्पा इंटरनेटचा. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाचा पहिला मोठा प्रयोग तज्ज्ञांच्याच हाती होता. मार्च २००० मध्ये 'नूपीडिया' सुरू झाला. लेख तज्ज्ञाने लिहायचा, मग त्याची सात टप्प्यांत तपासणी व्हायची. पद्धत चोख, पण सगळा प्रकल्प बंद होईपर्यंत पूर्ण झालेले लेख दोन डझनांच्या आसपासच राहिले. त्याला जोड म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी 'विकिपीडिया' आला. कोणीही लिहा, कोणीही दुरुस्त करा. मराठी विकिपीडिया सुरू झाला २००३च्या मे महिन्यात.

विद्वानांनी नाकं मुरडली. रस्त्यावरचा माणूस रसायनशास्त्र लिहिणार? डिसेंबर २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकाने विज्ञानाचे ४२ लेख निवडले आणि विकिपीडिया आणि ब्रिटानिका या दोन्हींतले ते लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात दर लेखामागे सुमारे चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात सुमारे तीन. ब्रिटानिकाने या तपासणीवर कडक आक्षेप घेतला. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. चुका दोघांकडेही होत्या. फरक एवढाच की एकीकडची चूक त्याच दिवशी सुधारता येत होती.

मग तज्ज्ञाचं काम उरलं काय? भरपूर उरलं. बहुवारिकाचाच लेख घ्या. आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना १९१९ पासून नावं आणि व्याख्या ठरवते. तिच्या व्याख्येत पॉलिमर हा पदार्थ आहे आणि महारेणू हा रेणू आहे. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो. तज्ज्ञ ती सोडवतो. इंग्रजी विकिपीडियाच्या बहुवारिकावरच्या लेखात ही व्याख्या वेगळ्या चौकटीत दिलेली आहे, ती यासाठीच. दुसरी सरमिसळ 'बहुवारिक म्हणजे प्लास्टिक' ही. सगळी प्लास्टिकं बहुवारिकांची असतात, पण कापूस, लाकूड, रेशीम, आपल्या पेशींतला डीएनए हीही बहुवारिकंच. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. अशा वेळी बंदी कशावर, विघटन कशाचं होतं, कशाचं होत नाही, हे नागरिकाला मराठीत नीट वाचायला मिळालं पाहिजे. नाहीतर व्हॉट्सअॅपवरचा निरोप हाच त्याचा विश्वकोश.

या कामाची रीत मात्र तज्ज्ञाला नवीन आहे. विकिपीडियात पदवी चालत नाही, संदर्भ चालतो. तीस वर्षं शिकवलेल्या प्राध्यापकाचं वाक्यही संदर्भ नसेल तर कोणीतरी काढून टाकतं, आणि मग चर्चापानावर जाऊन समजावून सांगावं लागतं. काहींना हा अपमान वाटतो. दुसरी रीत आपल्या मराठी विश्वकोशाची. तो आता इंटरनेटवर आहे आणि ज्ञानमंडळांच्या योजनेत एकेका विषयाचे जाणकार नव्या नोंदी लिहितात, जुन्या अद्ययावत करतात. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं आणि समीक्षकाचंही. एकीकडे नावाची जबाबदारी, दुसरीकडे सगळ्या बदलांचा उघडा इतिहास. मला दोन्ही हव्यात.

आणि आमच्या बसवनगुडीला ही गोष्ट परकी नाही. इथल्या नॅशनल कॉलेजात भौतिकशास्त्रज्ञ एच. नरसिंहय्या यांनी १९६२ साली 'बंगलोर सायन्स फोरम' सुरू केला. शास्त्रज्ञाने यायचं, सामान्य माणसांपुढे बोलायचं. जवळच बी. पी. वाडिया यांनी १९४५ साली स्थापलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर आहे. त्याच वर्षी डी. व्ही. गुंडप्पा यांनी सुरू केलेली संस्था तर आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने आहे. अशा सभागृहांत तज्ज्ञाची खरी परीक्षा व्याख्यान संपल्यावर होते, मागच्या रांगेतला कोणी हात वर करतो तेव्हा. विकिपीडियाचं चर्चापान म्हणजे तीच मागची रांग.

याच शहरातलं 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' भारतीय भाषांच्या विकिपीडियांना मदत करत आलं आहे, आणि त्यांत कन्नडबरोबर कोकणी आणि मराठीही आहे. बंगळूरच्या कंपन्यांत आणि प्रयोगशाळांत मराठी रसायनतज्ज्ञ, अभियंते कमी नाहीत. त्यांना माझं एक सांगणं आहे. आज रात्री बहुवारिकावरचं मराठी पान उघडा, शेजारी इंग्रजी पान उघडा आणि तुमच्या रोजच्या कामातला एकच परिच्छेद तपासा. चूक दिसली तर संदर्भासकट दुरुस्त करा. कोणी प्रश्न विचारला तर चिडू नका, उत्तर द्या. 'बहुवारिक' हा शब्द आधीच्या पिढीने आपल्याला घडवून दिला. त्याखालचा मजकूर ताजा ठेवणं एवढंच आपल्याकडे आलंय.

तुमचे प्रश्न जरूर लिहा.