मोटारीच्या बॅटरीची कुळकथा

अमरावतीहून अकोल्यास जाणारा राजमार्ग आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा आहे. पूर्वीं त्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत; आतां तो ५३ या क्रमांकानें ओळखला जातो. २०२२ सालच्या जून महिन्यांत याच रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यांत एका मार्गिकेचें सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरें झालें आणि गिनीज बुकांत त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. अशा या उत्तम रस्त्यावर, एका वैशाखांतल्या दुपारीं, माझ्या एका माजी विद्यार्थ्याची जर्मन बनावटीची भारी मोटार मूर्तिजापूरच्या पुढें एकाएकीं मुकी झाली. त्या प्रसंगांतून जो एक वाद उभा राहिला, त्याचा निकाल लावण्यासाठीं मला बॅटरीचा इतिहास धुंडाळावा लागला. तोच आज आपणांपुढें ठेवणार आहें.

घडलें तें असें. आम्हीं चहासाठीं गाडी थांबविली. परत येऊन पाहतों तों दार उघडेना. किल्लीच्या डबीवरील कळ दाबून कांहीं उपयोग होईना. त्या डबीच्या पोटांत एक लहानशी लोखंडी किल्ली दडविलेली असते, ती काढून दार उघडलें. बॉनेट उचललें, तर बॅटरी तेथें नाहींच! ती मागें डिकींत. आणि डिकीचें कुलूप विजेवर चालणारें. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींतच राहावी तसा प्रकार. अखेर अकोल्याहून एका मिस्त्रींना बोलाविलें. चाळीस वर्षें बॅटऱ्यांचेंच काम करणारा हा गृहस्थ. बॉनेटखालीं अशा प्रसंगासाठीं दोन टोकें ठेवलेलीं असतात, तीं त्यांनीं शोधलीं, बाहेरच्या बॅटरीची वीज त्यांस जोडली, डिकी उघडली, जुनी बॅटरी काढून नवी बसविली. गाडी सुरू झाली. दाम घेऊन ते गेले.

परंतु पुढें चवदा महिन्यांतच ती नवी बॅटरी बसली. माझा विद्यार्थी संतापला. "गुरुजी, मिस्त्रीनें जुना माल माझ्या गळ्यांत बांधला," असें तो म्हणूं लागला आणि ही गोष्ट त्यानें चारचौघांतही सांगितली. ज्याची सारी पुंजी म्हणजे गांवांतला शब्द, त्या माणसाला हा डाग केवढा मोठा! मिस्त्री मजकडे आले. "गुरुजी, माल कोरा होता. काय चुकलें तें मला कळत नाहीं," एवढेंच ते म्हणाले. दोघेही खोटें बोलणारे नव्हेत. मग चूक कोणाची?

आतां मुळापासून पाहूं. इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टा या शास्त्रज्ञानें जस्ताच्या व चांदीच्या चकत्या एकींवर एक रचून, मध्यें खारट पाण्यांत भिजविलेले पुठ्ठे घालून विजेचा अखंड प्रवाह मिळविला. हीच जगांतली पहिली बॅटरी. परंतु ती एकदां संपली कीं संपली. १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थानें शिशाचे दोन पत्रे मध्यें पट्ट्या घालून गुंडाळले व ते पातळ गंधकाम्लांत बुडविले. हा घट रिता झाल्यावर पुन्हां भरतां येई. विहिरीला पाझर असतो, रांजणाला नसतो. पण रांजण पुन्हां भरतां येतो. प्लांतेचा घट हा विजेचा रांजण होय. १८८१ सालीं कामिल फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन त्याचें सामर्थ्य वाढविलें. आजच्या बहुतेक मोटारींत आहे ती बॅटरी, कितीही सुधारली असली तरी, याच वंशांतली आहे. अशा एका घटाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक. म्हणून सहा घट ओळीनें जोडले कीं बारा व्होल्टांची बॅटरी होते.

१८८६ सालीं कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, तेव्हां तिच्या इंजिनांत ठिणगी पाडण्यास बॅटरीच होती. परंतु ती बॅटरी वाटेंत संपण्याची धास्ती असल्यामुळें पुढें इंजिनाच्या फिरण्यांतूनच ठिणगी देणारा मॅग्नेटो प्रचारांत आला, आणि कांहीं काळ मोटारींतून बॅटरीचें महत्त्व कमी झालें. त्या काळीं गाडी सुरू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून हँडल फिरवावें लागे. इंजिन उलटलें कीं तें हँडल माघारीं झटका देई आणि मनगट मोडे. हा हिसका कित्येक शोफरांनीं खाल्लेला आहे.

यावर तोड काढली ती अमेरिकेंतील डेटन गांवच्या चार्ल्स केटरिंग यानें. विजेच्या मोटरनें इंजिन फिरवावें ही कल्पना त्यापूर्वींही निघाली होती. परंतु तशी मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल, अशी समजूत होती. केटरिंगनें पूर्वीं दुकानदारांच्या गल्ल्याच्या यंत्रास विजेची मोटर बसविली होती. गल्ल्याचा खण उघडण्यास जोर क्षणभरच लागतो, हें त्यास ठाऊक होतें. इंजिनासही जोर कांहीं सेकंदच हवा. मग लहान मोटर तेवढा वेळ भार कां सोसणार नाहीं? १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत त्याची योजना बसविली गेली. एकदां सुरू झालेलें इंजिन डायनॅमो फिरवी आणि खर्च झालेली वीज बॅटरींत परत भरी. देणें आणि घेणें यांचा हा मेळ बसला, तेव्हांपासून बॅटरी मोटारीच्या संसारांत कायमची नांदूं लागली.

तरीही तिचें स्थान मोलकरणीचें होतें. बॅटरी बसली तरी गाडी अडत नसे. चार माणसें लावून ढकलली कीं ती चालूं होई. आमच्या पिढीनें पाहिलेल्या अँबॅसडर गाडीबरोबरही हँडल मिळे. बॅटरीची निगाही साधी. झांकणें उघडून शुद्ध पाणी घालावें, काट्यानें तेजाबाची घनता पाहावी, टोकांवर चढलेली बुरशी गरम पाण्यानें धुवावी.

बॅटरीचें नातें मोटारीशींच होतें असेंही नव्हे. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, त्या सुमारास ज्या खेड्यांत वीज नव्हती तेथें रेडिओ ऐकावयाचा तर बॅटरीच लागे. ती उतरली कीं तालुक्याच्या गांवीं नेऊन भरून आणावी लागे, असें वडीलधाऱ्यांकडून आम्हीं ऐकलें आहे. बॅटरी भरून देणारा व तिच्या पट्ट्या बदलून देणारा कारागीर हा त्यामुळें शहरांतला एक आवश्यक माणूस होता. आमचे मिस्त्री याच परंपरेंतले.

या परंपरेस वऱ्हाडच्या उन्हानें एक विशेष शिक्षण दिलेलें आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यांत कित्येकदां ४५ अंशांच्या वर जातो. साधारणपणें दहा अंश उष्णता वाढली कीं रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. बॅटरीच्या पोटांतली क्रियाही त्यास अपवाद नाहीं. पाणी आटतें, शिशाच्या जाळ्या कुजतात. थंड मुलखांत पांच-सहा वर्षें टिकणारी बॅटरी आपणांकडे तीन-चार वर्षांत थकते ती यामुळें. म्हणूनच उष्ण देशांत बॅटरींत घालावयाचें तेजाब थंड देशांतल्यापेक्षां पातळ ठेवण्याचा प्रघात पडला. आणखी एक गंमत अशी कीं, बॅटरी उन्हाळ्यांत झिजते, पण तिचा झिजलेपणा पुष्कळदां हिवाळ्यांतल्या पहिल्या थंड सकाळीं उघडकीस येतो. कारण थंडींत तिचा जोर कमी पडतो. लोक दोष थंडीला देतात. घाव मात्र वैशाखाचा असतो.

आतां भारी मोटारींकडे वळूं. महाराष्ट्रांत या गाड्यांचें घर झालें तें १९९० नंतरच्या दशकांत. मर्सिडीझ कंपनी १९९४ सालीं पुण्यास आली, १९९५ पासून पिंपरीस गाड्या जोडूं लागली आणि २००९ सालीं चाकण येथें तिचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. २०१० च्या ऑक्टोबरांत औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, नागरिकांनीं एकजुटीनें दीडशें मर्सिडीझ गाड्या विकत घेतल्या, ही वार्ता त्या वेळीं खूप गाजली. सारांश, अशा गाड्या मुंबई-पुण्यापुरत्या राहिल्या नाहींत. त्या आपल्या रस्त्यांवर आल्या आणि त्यांच्या बॅटऱ्या आपल्याच उन्हांत थकूं लागल्या.

या गाड्यांत बॅटरीचें मूळ काम पालटलें आहे. आंत डझनांवारी लहान संगणक असतात. कोणी ब्रेक पाहतो, कोणी दारें, कोणी आसनें. गाडी कुलूप लावून उभी केली तरी हे सगळे तत्काळ झोपत नाहींत. सिग्नलपाशीं इंजिन आपोआप बंद होतें व पुन्हां सुरू होतें. तेव्हां बॅटरीस दिवसांतून अनेकदां जोर लावावा लागतो. म्हणून तिच्यांत तेजाब मोकळें न ठेवतां कांचेच्या तंतूंच्या गादींत शोषून ठेवतात. झांकण उघडून पाणी घालण्याची सोय तींत नसते. वजनाचा तोल साधावा म्हणून अनेक गाड्यांत ती डिकींत ठेवलेली असते, आणि तिचा वायु बाहेर जावा म्हणून एक बारीक नळी जोडलेली असते. बॅटरी बदलतांना ही नळी जोडावयास विसरूं नये.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. जर्मन कारखान्यांच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर एक चिमुकलें यंत्र बसविलेलें असतें. तें प्रवाह, दाब व उष्णता यांचें अहोरात्र मापन करतें आणि गाडीचा संगणक त्यावरून बॅटरीच्या वयाचा हिशेब मांडतो. बॅटरी म्हातारी होत चालली कीं तिला वीज भरण्याची रीत तो बदलतो. वृद्धाचें पथ्य वेगळें, तरुणाचें वेगळें, तसेंच हें. आतां बॅटरी नवी बसविली, पण संगणकाला तसें कळविलें नाहीं, तर तो नव्या बॅटरीला जुन्या बॅटरीचेंच पथ्य चालवितो. त्या चुकीच्या भरणीनें ती अकालीं खंगते. तेव्हां नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या वहींत करणें अवश्य असतें. आणि ती नोंद पान्यानें होत नाहीं, त्यासाठीं निराळें उपकरण लागतें.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचें असेंच झालें होतें. दुसरी बॅटरी बसवितांना जाणत्या कारखान्यांत तपासणी केली, तेव्हां पहिल्या वेळीं ही नोंद झालीच नव्हती असें दिसलें. मिस्त्रींनीं आधीं ऋण टोक सोडलें होतें, जोडतांना धन टोक आधीं जोडलें होतें, कारण पाना चुकून अंगाला लागला तर ठिणगी उडूं नये. ही पिढीजात शिस्त त्यांनीं चोख पाळली होती. पण गाडीला एक वही असते आणि तींत लिहावें लागतें, हें त्यांस कोणी शिकविलेंच नव्हतें. अज्ञान होतें, अप्रामाणिकपणा नव्हता. मीं हें दोघांसमोर मांडलें. विद्यार्थी थोर मनाचा; ज्या चारचौघांत त्यानें आरोप केला होता, त्याच चारचौघांत त्यानें तो मागें घेतला.

मिस्त्रींनीं पुढें काय केलें, तें सांगण्यासारखें आहे. त्यांनीं नोंदीचें तें उपकरण विकत घेतलें आणि वयाच्या साठीजवळ नातवाकडून तें चालविण्यास शिकले. अशी माहिती व अशीं उपकरणें कारखान्याच्या कुंपणाबाहेरील कारागिरासही मिळावींत, हा प्रश्न आतां सरकारपर्यंत गेलेला आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानें २०२२ सालीं समिति नेमली. तिनें निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश आहे. जी वस्तु आम्हीं विकत घेतली, ती आमच्या गांवांतल्या माणसाकडून नीट करून घेतां यावी, एवढीच ही साधी मागणी आहे.

शेवटीं जुन्या बॅटरीविषयीं दोन शब्द. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि तो जवळजवळ सगळा पुन्हां उपयोगांत आणतां येतो. परंतु उघड्यावर भट्टी पेटवून तें वितळविलें तर त्याची वाफ व धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तांत जाते आणि त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटविते. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ८० कोटि मुलांच्या रक्तांत शिशाचें प्रमाण चिंताजनक आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांची निष्काळजी मोडतोड हें त्याचें एक मोठें कारण आहे. आपल्या देशांत २००१ व पुढें २०२२ सालीं याविषयीं नियम झाले. जुनी बॅटरी परत घेऊन तिची रीतसर विल्हेवाट लावण्याची व्यवस्था त्यांत सांगितलेली आहे. जन्मभर मुलांना शिकविण्याचें काम केलेल्या माझ्यासारख्यास ही गोष्ट विशेष लागते. भंगारवाला चार पैसे अधिक देतो म्हणून जुनी बॅटरी त्याच्या हवालीं करूं नका. ज्या दुकानांतून नवी घ्याल, तेथेंच जुनी द्या व तशी पावती मागा.

आमचे मिस्त्री आतां नवी बॅटरी बसविली कीं दोन ठिकाणीं नोंद करतात: एक गाडीच्या संगणकांत, आणि दुसरी स्वतःच्या लाल वहींत, तारीख घालून. त्या दुसऱ्या नोंदीखालीं ते गिऱ्हाइकाची सही घेतात. झाल्या प्रकारापासून एवढें शहाणपण आपणही घेण्यास हरकत नाहीं.