टूडी एको

धडधडते हृदय श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पडद्यावर दाखवणारी तपासणी. धातूतील दोष शोधणारे यंत्र वापरून एडलर व हर्ट्झ यांनी 1953 साली स्वीडनमधील लुंड येथे एको तपासणीची सुरुवात केली.

रुग्णालयात छातीवर जेल लावून, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून प्रोब टेकवतात. झडपांची उघडझाप लगेच दिसू लागते. डावा कप्पा दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते ‘ईएफ’. निरोगी माणसात साधारण 55 ते 70. संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप इथे नेमकी पकडली जाते: 4 ते 6 चौरस सेंटिमीटरचे तोंड 1.5 वर आले, की आजार गंभीर.

धमन्यांतील अडथळा मात्र थेट दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी छातीतली कळ अंगावर काढू नये. अडथळा पाहण्यासाठी अँजिओग्राफी लागू शकते.