चाळीस दिवसांचं पुराण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालवणात शुक्रवारी मटण न खाणं हा काही मोठा त्याग नव्हे. ताजा बांगडा मिळत असताना मटणाची आठवण कोणाला होते? आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशींना हे पक्कं ठाऊक होतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण वर्ज्य, मासळीला मात्र मुभा. "मासो चलता, मगे ह्यो उपास कसलो?" असं म्हणून त्या स्वतःच्या मनाने चहा सोडायच्या. एरवी दिवसाला सहा-सात कप लागायचे त्यांना. पहिला आठवडा डोकं धरून काढायच्या. लहानपणी मी एकदा विचारलं, कशाला हा त्रास? म्हणाल्या, "चाय सोडल्यार कळता रे, आपण कशाक बांधलेले आसव ता."

त्यांचे यजमान रापणीवर जायचे. वाटा कमी आला की घरात बोलाचाली व्हायची, दुकानाची उधारी चढायची. पण त्या दिवसांत संध्याकाळचा तासभर मावशी क्रूसापुढे बसत आणि तेवढ्या वेळात उधारीवाला आला तरी ओट्यावर थांबून राही. वर्षभर जिला तो दारात उभं करायचा, तिच्यासाठी आता तोच ताटकळत बसे. मला त्याची गंमत वाटायची.

गोव्याकडे या काळाला 'कॉरेज्म' म्हणतात. पोर्तुगीज 'क्वारेज्मा'वरून आलेला शब्द, मुळात अर्थ चाळीस. आमच्या सूफींचा चाळीस दिवसांचा एकांत, त्याला 'चिल्ला' म्हणतात, तोही फारसीतल्या चाळीसवरूनच. मुसा पैगंबरांच्या चाळीस रात्री कुराणात आहेत. रोजच्या धबडग्यातून माणूस मोकळा व्हायला इतके दिवस लागतात, असा या सगळ्या मंडळींचा अनुभव दिसतो.

बी.ए.ला असताना ग्रंथालयात मला 'ख्रिस्तपुराण' सापडलं. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात काढलेली देवनागरी आवृत्ती. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या अनेकांना माहीत असतात, पण पूर्ण पुराण १०,९६२ ओव्यांचं आहे हे सहसा माहीत नसतं. लिहिणारे फादर टॉमस स्टीफन्स इंग्लंडातल्या विल्टशरचे. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि १६१९ साली निधन होईपर्यंत तिथेच राहिले, बहुतेक काळ साष्टीत. १६१६ मध्ये पुराण छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. ओवी आपली, अध्याय आपले, स्वर्गाला शब्दसुद्धा वैकुंठ.

श्रोतेहो, इथे मला थोडं थांबावं लागतं. याच साष्टीत १५६७ च्या सुमारास देवळं पाडली गेली होती. जुनी पुराणं गेली, त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काहीतरी द्या, अशी नव्या ख्रिस्ती लोकांची मागणी होती, आणि स्टीफन्स यांनी ती पुराणाच्या आरंभीच नोंदवली आहे. म्हणजे ज्या सत्तेने पोथी काढून घेतली, तिच्याच सावलीत दुसरी पोथी आली. हे बाजूला ठेवून ख्रिस्तपुराणाचं कौतुक करणं मला जमत नाही.

पण ऐकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलं की चित्र निराळं दिसतं. उपवासकाळाची मूळ कथा काय? ख्रिस्त चाळीस दिवस रानात उपाशी राहतो. सैतान येऊन म्हणतो, या दगडांच्या भाकरी कर. मग उंचावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवतो, मला नमन कर, ही तुला देतो म्हणतो. ख्रिस्त नकार देतो. करांनी पिचलेला, इन्क्विझिशनच्या नजरेखाली वावरणारा साष्टीचा शेतकरी ही कथा ऐकत होता. राज्यं सैतानाने वाटायची वस्तू आहे, हे ऐकताना त्याच्या मनात काय आलं असेल? ते कुठल्या दप्तरात सापडायचं नाही. मला एवढंच दिसतं, की आजी-पणजीच्या ओठांवरची ओवी तेवढा वेळ त्याला परत मिळत होती.

तीही टिकवावी लागली. १६८४ मध्ये व्हॉइसरॉयने फर्मान काढलं, तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या हुकमाने धोतर आणि अंगणातली तुळसही निषिद्ध ठरली. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतली एकही छापील प्रत आज मिळत नाही. पुराण उरलं ते हातांनी उतरवून घेतलेल्या प्रतींत. छळ, कर आणि लढायांना कंटाळून माणसं गोवा सोडून सावंतवाडीच्या मुलखात, कारवारात, मंगळुरात गेली, तसं पुराणही दक्षिणेत पोचलं. तिथल्याच प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापलं. उत्तरेकडे वसई-मुंबईचं पुराण वेगळं. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस यांचं ख्रिस्ताच्या दुःखभोगावरचं ते काव्य १६५९ मध्ये लिस्बनला छापलं गेलं, आणि ईस्ट इंडियन घरांत उपवासकाळात गायलं जाई.

आणखी एक गोष्ट सांगायची, तर ती मी मुसलमान म्हणून टाळू नये असं वाटतं. १७८४ च्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या सुमारास, टिपू सुलतानाने कॅनरातले ख्रिस्ती लोक धरले आणि श्रीरंगपट्टणला नेले. नेमका आकडा किती यावर वाद आहेत, पण तो हजारोंचा होता. वाटेत आणि कैदेत पुष्कळ मेले. उरलेल्यांची सुटका १७९९ मध्ये, टिपू पडल्यावर. त्या पंधरा वर्षांत पाद्री नाही, चर्च नाही. अशा वेळी तोंडपाठ असलेल्या पुराणानेच श्रद्धा तगवली, असं मंगळूरचे ख्रिस्ती सांगत आले आहेत. टिपू इंग्रजांशी लढला म्हणून ही पानं फाडायची नसतात. एकीकडे ओवीवर फर्मान काढणारी ख्रिस्ती सत्ता, दुसरीकडे ओवी गाणाऱ्यांना कैद करणारी मुसलमान सत्ता. त्याच शतकांच्या आरंभी इकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी ओवीतच 'योगसंग्राम' लिहीत होते, १६४५ साली. ओवी कोणाची मिरास नव्हती, ती अशी.

तर ग्रंथालयातलं ते पुस्तक मी घरी आणलं आणि एका शुक्रवारी दुपारी मावशींना दुःखभोगाचा भाग वाचून दाखवला. आमच्याकडे पुराण गायची चाल राहिली नव्हती, त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. भाषा जुनी, निम्मी कळेना. तरी जाळं विणायची सुई खाली ठेवून त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ह्या तर हरिविजयासारख्या लागता. आमच्या देवाक अशी भाषा येता होय?"

मावशी आता नाहीत. २०२५ साली आमचा रमजान २ मार्चला सुरू झाला आणि त्यांचा राखेचा बुधवार तीनच दिवसांनी आला. त्यांच्या सुनेनेही चहा सोडलाय हे मला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी ती रोजा सोडायला म्हणून आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आली आणि म्हणाली, सासूबाईंना वाचून दाखवलेलं ते पुस्तक आहे का अजून? होतं. तिला ओट्यावर बसवून मी ख्रिस्ताच्या रानातल्या उपवासाचा भाग काढला. पाच-सहा ओव्या झाल्या असतील, मशिदीत अजान झाली. मी खजूर तोंडात टाकला. किटली तिने माझ्याकडे सरकवली, स्वतःला पाणी मागितलं आणि पुस्तकात खुणेची काडी ठेवून म्हणाली, "पुढचा उद्या."