गुलाबी पावती

परवा नंदुरबारला काकांच्या कपाटात मिरचीच्या जुन्या पावत्या सापडल्या. सगळ्या गुलाबी. तीन प्रतींच्या पावतीपुस्तकातली वरची पांढरी व्यापाऱ्याची, सगळ्यात खालची गुलाबी शेतकऱ्याची. मध्ये कार्बन पेपर नाहीच, मग आकडे उमटतात कसे?

ही करामत अमेरिकेतल्या एनसीआर कंपनीच्या बॅरेट ग्रीन आणि लोवेल श्लायकर यांची, १९५० च्या दशकातली. वरच्या कागदाच्या पाठीवर रंगहीन रसायनाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या, खालच्या कागदावर आम्लधर्मी मातीचा लेप. पेन दाबलं की कुप्या फुटतात, रसायन मातीला लागतं आणि निळं होतं.

म्हणजे सगळ्या प्रती एकाच हाताच्या, एकाच क्षणाच्या! नंतर एकीत खाडाखोड केली तर दुसरी चुगली करणार. आपल्या डेटाबेसवाल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

गोची एकच. दाब खाली जाता जाता कमी होतो, आणि सगळ्यात फिकी प्रत नेमकी शेतकऱ्याच्या हातात. एका पावतीवर ३ क्विंटल की ८, हेच कळेना. वाद झाला, पैसे पांढऱ्या प्रतीप्रमाणेच मिळाले.

तेव्हापासून काका दर वेळी सांगायचे, "शेठ, पेन जरा जोरात दाबा."