भाऊराव कोल्हटकर : ध्वनिमुद्रिका येण्याआधीचा बडोद्याचा आवाज

मराठी संगीत नाटकाचा इतिहास म्हटला की आपण पुण्या-मुंबईपाशीच घुटमळतो. पण जरा गावं मोजून बघा. अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीचे सर्वांत गाजलेले गायक नट भाऊराव कोल्हटकर आमच्या बडोद्याचे. आणि देवलांच्या ‘शारदे’चा पहिला प्रयोग झाला इंदूरला.

लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव यांचा जन्म ९ मार्च १८६३चा. रसिकांनी त्यांना ‘भावड्या’ करून टाकलं. १८८२ साली, एकोणिसाव्या वर्षी ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि त्याच नोव्हेंबरात ‘सौभद्र’मधली सुभद्रा म्हणून उभे राहिले. बाळकोबा नाटेकर कृष्ण, मोरोबा वाघोलीकर अर्जुन. शंभरावर पदं असलेलं हे नाटक मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं होतं. मी पेशानं इंजिनिअर, त्यामुळे मला यातलं यंत्रशास्त्रही महत्त्वाचं वाटतं. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या स्वरांना सर्वांत जास्त संवेदनशील असतो. म्हणून उंच, धारदार आवाज गर्दीतही वेगळा ऐकू येतो. भाऊरावांचा आवाज तसाच होता.

पण त्यांना नुसता ‘गोड गळा’ म्हणून बाजूला ठेवणं अन्यायाचं आहे. देखण्या सुभद्रेनंतर दोनच वर्षांनी ‘रामराज्यवियोग’मध्ये ते कुबड्या मंथरेच्या भूमिकेत आले. लोकप्रिय स्त्रीपार्टी नटानं असली भूमिका घेणं म्हणजे धाडसच! १८८५मध्ये अण्णासाहेब गेले. मंडळी मोडली नाही, याचं मोठं श्रेय भाऊरावांच्या गाण्याकडे जातं.

जानेवारी १८९९मध्ये ‘शारदा’ आलं. पुराणकथा नाही, राजेरजवाडे नाहीत. विषय होता म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचा. लोक असलं नाटक तिकीट काढून बघतील का, हा मंडळीपुढचा खरा प्रश्न. त्यात पस्तिशीतले भाऊराव कोदंड झाले, लग्नाला आडवा येणारा सुधारक तरुण. सतरा वर्षं गाण्यावर कमावलेली लोकप्रियता त्यांनी या विषयाच्या पाठीशी उभी केली, असं मला वाटतं.

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी ते वारले, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. ग्रामोफोनवाले हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करायला कलकत्त्यात आले नोव्हेंबर १९०२मध्ये. म्हणजे जेमतेम एकवीस महिन्यांनी चुकामूक झाली. १९०५मध्ये त्याच मंडळीत आलेल्या बालगंधर्वांचं गाणं आज आपण तबकडीवर ऐकू शकतो, भाऊरावांचं नाही. त्यामुळे त्यांच्या भूमिका हाच आपल्या हाती उरलेला पुरावा आहे. ‘सौभद्र’ आणि ‘शारदा’ लागोपाठ वाचा. सुभद्रा ते कोदंड हे अंतर एकाच माणसानं कापलं, हे ध्यानात ठेवून वाचा.