आधी लोड, मग उंची

शिवाजीनगर म्हटले की आपल्या माणसाला पुणे आठवते. बेंगळुरूलाही एक शिवाजीनगर आहे. इंग्रजांनी १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणची फौज हलवून इथे कँटोन्मेंट वसवले. त्या छावणीच्या बाजारपेठेचा हा भाग, जुने नाव ब्लॅकपल्ली. त्याच्याही पावणेदोनशे वर्षे आधी, १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे छत्रपतींचे नाव इथे परके वाटत नाही.

रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत जुन्या गाड्यांच्या सामानाचा बाजार आहे. त्याला इथे 'गुजरी' म्हणतात. कोल्हापूरकराला गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. इथली गुजरी लोखंडाची. गिअरबॉक्स, दरवाजे, एक्सल, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कमानपाटे. बेंगळुरूला पोस्टिंग झालेला गाडीचा शौकीन जवान आज ना उद्या इथे पोहोचतोच. हल्ली बऱ्याच जणांची चौकशी एकच असते: पेन्शनला जाताना घेतलेली किंवा घ्यायची असलेली एसयूव्ही दीड-दोन इंच उचलता येईल का?

उचलता येते, पण उचलण्याआधी आपल्याच फौजी गाड्यांचा इतिहास पाहावा. लष्कर गाडी ओळखते ती वजनावरून. दुसऱ्या महायुद्धातली जीप 'पाव टनी'. जिप्सी पाचशे किलो लोडची. २०१७ मध्ये जिप्सीच्या जागी ३,१९२ सफारी स्टॉर्मची ऑर्डर गेली, तिचे सरकारी नाव जीएस ८००, म्हणजे आठशे किलो वाहणारी. गाडीने किती ओझे न्यायचे हे आधी ठरते. पाटे किंवा स्प्रिंग त्यावरून ठरतात आणि उंची सर्वांत शेवटी येते.

१९४१ च्या विलीस जीपकडे बघा. जमिनीपासूनची उंची पावणेनऊ इंच, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर. २०२० मध्ये आलेल्या थारची २२६. ऐंशी वर्षांत फरक चार मिलिमीटरचा! तरीही जीप कुठेही जायची, कारण तिच्या दोन एक्सलमधले अंतर फक्त ८० इंच होते आणि चाकांच्या पुढे-मागे जवळजवळ काहीच लोंबत नव्हते. थारमध्ये तेच अंतर २,४५० मिलिमीटर, म्हणजे सोळा इंचांनी जास्त. गाडी लांब झाली की तिचे पोट बांधावर टेकते. आज लोक लिफ्ट करतात ते बहुतेक या लांबीची भरपाई म्हणून.

आपल्याकडे गाडीची मागची बाजू उचलण्याची पद्धत जुनीच आहे, फक्त तिला लिफ्ट म्हणत नसत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वडापच्या गाड्या आठवा. दहाच्या जागी पंधरा माणसे, टपावर पोती. मागची बाजू बसायची म्हणून मालक एक पाटा वाढवून घ्यायचा. रिकामी असताना गाडी मागून उंच दिसे आणि खड्ड्यात उडे, पण भरली की सरळ बसे. तो जादा पाटा लोडसाठी होता. तोच पाटा चार माणसांच्या कुटुंबाच्या गाडीत घातला तर गाडी कायम रिकाम्या वडापसारखीच चालणार: कडक, उडती, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके हलकी.

रिकाम्या गाडीचे दुखणे अमेरिकन फौजेने फार महागात शिकले. जीपनंतर १९६० च्या सुमारास त्यांनी एम १५१ ही गाडी आणली. पाटे काढले, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन दिले. खराब रस्त्यावर गाडी सुरेख चाले. पण जोरात वळण घेताना मागचे चाक आत दुमडे आणि गाडी उलटे. मागे वजन नसले की हा धोका वाढे, म्हणून काही चालक मागे मुद्दाम वजन ठेवत. १९७० च्या एम १५१ ए २ मध्ये मागचे सस्पेन्शन बदलले गेले. तरीही निकामी झालेल्या या गाड्या नागरिकांना अखंड विकायच्या नाहीत, कापूनच भंगारात काढायच्या, असे धोरण ठरले. एका सैन्याने आपलीच गाडी गुजरीत जाऊ द्यायला नकार दिला, यावरून काय ते समजावे.

आता हिशेब. गाडी उलटण्याचा अंदाज घ्यायला अमेरिकेचे रस्ता सुरक्षा खाते साधा भागाकार करते: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग, भागिले गुरुत्वमध्याची उंची. आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. समजा चाकांमधले अंतर १,५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० वर आहे. ७५० भागिले ७००, म्हणजे १.०७. लिफ्टमुळे गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर वर गेला तर ७५० भागिले ७४०, म्हणजे १.०१. टपावर कॅरियर आणि त्यावर सामान चढवले की आणखी खाली. गावी जाताना घाटाच्या वळणावर गाडीत कोण बसलेले असते, ते आठवून हा आकडा वाचा.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. मागे अखंड एक्सल असलेल्या गाडीत स्प्रिंग उचलली तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. बॉडी वर जाते, पोट आणि बंपर वाचतात. दगडावर आपटणारा गोळा तिथेच असतो. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. आणि मोठे टायर घातले की गिअरचा हिशेब, ब्रेक आणि स्पीडोमीटर सगळेच हलते.

लिफ्टनंतर काय तपासायचे हे एमटीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको, तरी उजळणी करू. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. ब्रेकचा होज पूर्ण झोल्यावर ताणला जातो का, ते बघावे. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते खाली घ्यावे. काही गाड्यांत मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उंच दिसली की तो गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो. उचललेल्या गाडीत पूर्ण लोड असला तरी तो फसतो. दांडीची लांबी जुळवून घेतली नाही तर उताराला मागचा ब्रेक कमीच पडणार.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपघात झाल्यावर विमा कंपनीही हा मुद्दा काढू शकते.

तेव्हा गुजरीत जाण्याआधी घरी एक टेप काढा. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर मोजा; एकदा रिकाम्या गाडीत, एकदा नेहमीचे कुटुंब आणि सामान भरून. गाडी सहा-सात वर्षांची असेल, एक बाजू खाली असेल किंवा भरल्यावर मागून फारच बसत असेल, तर तुमच्या स्प्रिंगा थकल्या आहेत. त्याच मॉडेलच्या, त्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा, बुश आणि शॉकअप बसवा. गेलेली उंची परत येते, आरसीवरचे काही बदलत नाही, आणि ब्रेकचा व्हॉल्व्हही फसत नाही. माप बरोबर निघाले आणि तरीही पोट टेकतच असेल, तर पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: तो बांध वर्षातून किती वेळा ओलांडायचा आहे?